गिरगावातली एक वाडी उलगडताना : शहरातल्या वस्तीचा इतिहास कसा शोधावा

वस्तीचा इतिहास शोधायला निघालेली बरीच मंडळी सुरुवातीलाच अडकतात, कारण हातात घेतलेला तुकडा फार मोठा असतो. ‘गिरगावचा इतिहास’ हा आयुष्यभर पुरणारा उद्योग आहे. ‘मुगभाट लेनची एक बाजू’ किंवा ‘फणसवाडीतल्या ओळीने चार इमारती’ हा मात्र हाती घेऊन पुरा करता येण्यासारखा विषय आहे. तेव्हा गल्ली निवडा, वाडी निवडा, जमलं तर एकच चाळ निवडा. तिच्याबद्दल खात्रीने सांगता येतील अशा दहा गोष्टी मिळाल्या तरी त्या गिरगावच्या गौरवावर लिहिलेल्या दहा पानांपेक्षा मोलाच्या असतात.

मी उदाहरण गिरगावचं घेतो, कारण तिथे कागद, दगड आणि माणसं अजून एकाच ठिकाणी भेटतात. रीत मात्र पुण्याच्या पेठांना, नागपूरच्या महालाला किंवा कोल्हापूरच्या पेठांनाही चालेल.

आधी हद्द आखा

एका गिरगावात निदान चार गिरगावं आहेत. महसुली दप्तरातला ‘गिरगाव विभाग’ एक. पालिकेच्या दृष्टीने हाच परिसर सी आणि डी अशा दोन वॉर्डांत वाटलेला, तो दुसरा. टपालखात्याचं ‘मुंबई ४’ हे तिसरं. आणि लोकांच्या बोलण्यातलं गिरगाव चौथं, जे ठाकुरद्वारला सुरू होतं की त्याच्याही अलीकडे, यावर दोन गिरगावकरांचं एकमत होणार नाही.

हा फरक किचकट वाटतो, पण पुढची सगळी शोधाशोध त्यावर अवलंबून असते. जमिनीचे कागद महसुली विभागाने लावलेले असतात आणि घरपट्टीचे वॉर्डाने. जुन्या पुस्तकांवरचे आणि पत्रांवरचे पत्ते टपालाच्या आकड्याने ओळखायचे. आपली इमारत या प्रत्येक वाटणीत कुठे येते ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

त्याच पानावर रस्त्यांची जुनी नावं हवीत. जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणजे पूर्वीचा गिरगाव रोड, विठ्ठलभाई पटेल मार्ग म्हणजे गिरगाव बॅक रोड, महर्षी कर्वे मार्ग म्हणजे क्वीन्स रोड, सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणजे सँडहर्स्ट रोड आणि डॉ. भडकमकर मार्ग म्हणजे लॅमिंग्टन रोड. ही यादी नसेल तर १९३० सालच्या कागदावरचा पत्ता समोर असूनही ओळखू येणार नाही. आणखी एक खूणगाठ : जुन्या इंग्रजी कागदांत गिरगावचा शेवट बहुधा ‘एम’ या अक्षराने होतो. संगणकावर शोधताना हे स्पेलिंग टाकलं नाही तर निम्म्याहून अधिक साहित्य निसटतं.

मग चालायला लागा, मान वर करून

रविवारी सकाळी जा. रहदारी कमी असते आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून वर बघता येतं. तळमजल्याची दुकानं दर काही वर्षांनी कात टाकतात, पण पहिल्या मजल्यापासून वरचं सहसा कोणी बदलत नाही. इमारतीच्या कपाळावर साल कोरलेलं दिसतं का, बघा. ते इसवी सनात असेलच असं नाही. शके असेल तर ७८ मिळवा : शके १८१५ म्हणजे १८९३. विक्रम संवत असेल तर ५६ किंवा ५७ वजा करा. गुजराती मालकाच्या इमारतीवर आणि गुजराती आकड्यांत हे अनेकदा सापडतं. पारशी मालक असेल तर यज्दगर्दी साल, त्यात ६३० किंवा ६३१ मिळवायचे. वर्षाची सुरुवात वेगवेगळ्या महिन्यात होत असल्याने एखाद्या वर्षाचा फरक राहतो, तो तसाच लिहा. ओढूनताणून एक आकडा ठरवू नका.

साल नसेल तर पाट्यांकडे वळा. दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या पाटीवर नुसतं ‘मुंबई ४’ असेल तर ती १९७२ च्या आधीची असण्याची शक्यता मोठी, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ‘शक्यता’ म्हणतो ते मुद्दाम. कित्येक दुकानदार नंतरही वर्षानुवर्षं ‘मुंबई ४’ असंच लिहीत राहिले. ‘४००००४’ दिसलं तर मात्र पाटी नक्की नंतरची. दरपत्रकावर ‘नये पैसे’ असतील तर ते १ एप्रिल १९५७ नंतरच्या थोड्या वर्षांतलं, आणे असतील तर बहुधा त्याआधीचं. फोन नंबरात आकडे किती, तेही टिपून ठेवा. पाच आकडी नंबराची पाटी सहा आकडीपेक्षा जुनी, एवढं तरी त्यातून कळतं.

इमारत स्वतःही बोलते. सागवानी खांब, लाकडी जिना, समोरून लांब गॅलरी आणि टोकाला सामायिक संडास ही जुन्या चाळीची ठेवण. काँक्रीटची गोलाईदार गॅलरी आणि सरळ आडव्या रेघांची सजावट दिसली तर आपण बहुधा १९३० नंतरच्या काळात आहोत. छपराची कौलं बदलताना कोणी उतरवून ठेवली असतील तर पालथी करून बघा. मंगळुरी कौलावर कारखान्याचं नाव ठसवलेलं असतं, आणि बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, त्याआधीचं असं कौल असूच शकत नाही. जिन्याच्या चौकातली नक्षीची फरशी, ओतीव लोखंडाच्या खांबावरचं ओतशाळेचं नाव, गटाराचं झाकण, सगळ्यांचे फोटो काढा आणि फोटोबरोबर जागा लिहा. जागा न लिहिलेला फरशीचा फोटो पुढे कुठल्याच कामाचा राहत नाही.

दक्षिण मुंबईत एक फुकटची सोय आहे. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींचे वर्ग आहेत : १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या त्या ‘अ’, तेव्हापासून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’, आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’. आपली इमारत ‘अ’ वर्गात असेल तर ती १९४० च्या आधीची आहे, एवढंच सिद्ध होतं. १९३९ ची असेल किंवा १८७९ चीही असेल. लोक इथे घाईने ‘शंभर वर्षं जुनी’ असं लिहून मोकळे होतात.

वाड्यांची वळणंही वाचायला शिका. गिरगावात नारळी-पोफळीच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या होत्या, आणि वस्ती वाढली ती त्या वाड्यांच्या पोटात. म्हणून आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, फणसवाडी अशी नावं आणि म्हणून वाकड्यातिकड्या गल्ल्या. शेजारच्या खेतवाडीत मात्र गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि त्या बऱ्याच सरळ आहेत. नकाशावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की आखलेली वस्ती आणि आपोआप वाढलेली वस्ती यांतला फरक सांगावा लागत नाही. तिसरा प्रकार सँडहर्स्ट रोडचा. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्तीत समुद्राचा वारा शिरावा म्हणून त्याने हा रुंद रस्ता काढला. अशा रस्त्याच्या दुतर्फा एकाच काळातल्या इमारती दिसतात, आणि मागच्या गल्ल्या एकाएकी कापल्यासारख्या संपतात.

माणसांशी बोलणं, आणि ते कसं सुरू करायचं

इथे गिरगावातली, खरं तर सगळ्या पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन घेतलेल्या भाडेहक्काच्या) मुंबईतली, एक अडचण आधी समजून घ्या. अनोळखी माणूस वहीपेन घेऊन ‘तुम्ही इथे किती सालापासून राहता? खोली कोणाच्या नावावर?’ असं विचारू लागला की तो बिल्डरचा माणूस ठरतो. पुनर्विकासाची बोलणी चालू असलेल्या चाळीत तर नक्कीच. दारं बंद होतात आणि ते योग्यच आहे. म्हणून एकट्याने जाऊ नका. चाळीच्या कमिटीतल्या किंवा गणपती मंडळातल्या कोणाला तरी बरोबर घ्या, आपण काय करतोय ते एका कागदावर लिहून सूचनाफलकावर लावा, आणि भाडं, पागडी, मालकी हे विषय स्वतःहून काढू नका.

सालं विचारण्यातही अर्थ नाही. आजींना साल आठवत नाही, घटना आठवतात. ‘तुमचं लग्न झालं तेव्हा ट्राम होती का?’ असं विचारा. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे उत्तराला आपोआप एक कडा मिळते. ‘चाळीत पहिला टीव्ही कोणाकडे आला?’ मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. गोदीतला स्फोट १४ एप्रिल १९४४ चा. तो आवाज आई-वडिलांनी ऐकल्याचं सांगणारे अजून भेटतात. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतले ब्लॅकआउट, काचांना चिकटवलेले काळे कागद. १९७४ चा रेल्वे संप. २६ जुलै २००५ चा पाऊस. पुण्यात हेच काम १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर करतो. पुराच्या आधीचं की नंतरचं, एवढं विचारलं की पुणेकर काका तासभर बोलतात.

मोठ्या घटनांपेक्षा रोजच्या गोष्टी विचारा. नळाला पाणी किती वाजता यायचं? दळण कुठे? खानावळीचा डबा कोण आणायचं? गॅलरीत झोपायची पाळी कोणाची? कोकणातल्या कुठल्या गावची माणसं कुठल्या मजल्यावर? शेवटचा प्रश्न फार फळतो. गिरगावात गावकऱ्यांच्या मंडळांच्या खोल्या असत. नोकरीसाठी आलेला तरुण तिथे वळकटी टाकायचा. त्या गावाच्या मुंबई मंडळाकडे सभासदांची पुस्तकं आणि वार्षिक अहवाल अजूनही असू शकतात.

ध्वनिमुद्रण करणार असाल तर आधी विचारा आणि परवानगीचं वाक्यही मुद्रणातच घ्या. सांगणाऱ्याने मध्येच ‘हे लिहू नका’ म्हटलं तर लिहू नका. त्याच दिवशी घरी येऊन टिपण काढा, कारण कोण कोणाची आत्या होती हे आठवड्याने अजिबात लक्षात राहत नाही.

मंडळाच्या कपाटात

पुराभिलेखागारात जाण्याआधी गणेशोत्सव मंडळाचं कपाट उघडायला सांगा. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव म्हणून ओळखला जाणारा उत्सव गिरगावातल्याच केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ मध्ये सुरू झाला, त्यामुळे या भागात मंडळांची परंपरा जुनी आहे. अहवाल आणि स्मरणिका तिथे गठ्ठ्याने पडून असतात. लोक त्यांतलं अध्यक्षांचं मनोगत वाचतात. तुम्ही जाहिराती वाचा. शिंपी, पीठगिरणी, छापखाना, डॉक्टर, लाँड्री, मिठाईवाला, प्रत्येकाचा पत्ता त्यात छापलेला असतो आणि अहवालाला साल असतं. दहा-पंधरा वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले की गल्लीतलं कुठलं दुकान कधी आलं, कधी गेलं याचा तक्ता तयार होतो. वर्गणीदारांची यादी खोलीक्रमांकासह असेल तर चाळीत कोण कोण होतं तेही कळतं. मला विचाराल तर अख्ख्या गिरगावात यापेक्षा चांगलं आणि यापेक्षा दुर्लक्षित साधन नाही.

शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, देवळांचे जमाखर्च, वाचनालयांची दाखलपुस्तकं हीही याच जातीची. घरोघरी जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्डं आणि लग्नपत्रिका असतात. लग्नपत्रिकेवर दोन्हीकडचे पूर्ण पत्ते आणि तिथी-वार असतात, म्हणून तिचं मोल मोठं. मूळ कागद कधीच घरी नेऊ नका. तिथेच खिडकीजवळ ठेवून फोटो काढा आणि परत द्या. दुसऱ्याच्या हवाली गेलेला कागद परत येत नाही, असा अनुभव बहुतेक घरांना एकदा आलेला असतो आणि त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागते.

पुस्तकांच्या पहिल्या-दुसऱ्या पानांवरचे मुद्रकांचे पत्ते विसरू नका. मराठी छपाईचं मोठं घर हा परिसर होता. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी काढलेला निर्णयसागर छापखाना कोलभाट लेनमध्ये होता आणि ‘मौज’ खटाववाडीत. तुमच्या गल्लीत छोटा छापखाना होता असं कोणी सांगितलं तर त्याच्या नावाचं एखादं पुस्तक किंवा पंचांग जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधा. पत्ता आणि साल एकाच ओळीत मिळून जाईल.

जमिनीचे कागद

शहरात सातबारा नसतो, मिळकत पत्रिका असते. मुंबई शहरात जमिनीच्या तुकड्याला सी.एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे जमीनमोजणीचा) क्रमांक असतो, उपनगरात सी.टी.एस. आपल्या इमारतीचा क्रमांक घरपट्टीच्या बिलावर नसेल तर म्हाडाच्या यादीत किंवा पुनर्विकासाच्या नोटिशीत मिळतो. मिळकत पत्रिका शुल्क भरून मिळते. तीवर क्षेत्र, धारकांची नावं आणि फेरफार असतात.

जुन्या खरेदीखतात शेवटी जमिनीचं वर्णन येतं, आणि तेच खरं गोड असतं. एकाच तुकड्याचे कलेक्टरचा जुना क्रमांक, नवा क्रमांक, लॉटन सर्वेक्षणाचा क्रमांक, सी.एस. क्रमांक असे थर त्यात दिलेले असतात. लॉटन म्हणजे १८६५ ते १८७२ दरम्यान मुंबईची मोजणी करणारे अधिकारी. तो क्रमांक हाती आला की दीडशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर आपला तुकडा शोधता येतो. पुढे चतुःसीमा असतात : पूर्वेस अमुक यांची वाडी, पश्चिमेस सार्वजनिक रस्ता. आज नाहीशी झालेली विहीर, तलाव, देऊळ या चतुःसीमांतच सापडतं.

सत्ताप्रकारही, म्हणजे जमीन कुठल्या हक्काने धरली आहे तेही, बघा. ‘फोरास’, ‘पेन्शन अँड टॅक्स’, ‘इनाम’, ‘सनदी’ असे शब्द भेटतील. ‘पेन्शन’ला निवृत्तिवेतनाशी काही देणंघेणं नाही, ते पोर्तुगीज अमलापासूनचं जमिनीवरचं वार्षिक देणं आहे आणि १६७४ मध्ये गव्हर्नर ऑन्जिए यांच्या काळात पक्क्या झालेल्या करारात जमीनधारकांनी वर्षाला २०,००० झेराफिन (त्या काळचं पोर्तुगीज नाणं) द्यायचं ठरलं, त्याची ती शेपटी. लोखंडी गेटच्या आतल्या चाळीच्या कागदावर सतराव्या शतकातला कर बसलेला असतो, हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा मजा वाटते.

ग्रंथालयं आणि पुराभिलेख

इथवर आल्यावरच मोठ्या दारांकडे वळा, कारण तिथे ‘गिरगावबद्दल काय आहे?’ असं विचारून चालत नाही. नाव, क्रमांक, साल हातात लागतं. १९०९-१० चं मुंबई शहराचं तीन खंडांचं गॅझेटियर, गोविंद नारायण माडगावकरांचं १८६३ चं मुंबईचं वर्णन आणि सॅम्युअल शेपर्ड यांचा १९१७ चा रस्त्यांच्या नावांवरचा ग्रंथ ही तीन साधनं आधी चाळावीत. जुनी आणि हक्कमुक्त असल्याने संगणकावरही मिळतात. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, एशियाटिक सोसायटी १८०४ ची. राज्य पुराभिलेखात सरकारी पत्रव्यवहार असतो. जाण्याआधी ओळखपत्र, अर्ज आणि वाचनकक्षाची वेळ यांची चौकशी करा, आणि पहिला दिवस सूच्या वाचण्यातच जाणार हे धरून चला. पुण्यात असाल तर पेशवे दप्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहेच, पण मोडी शिकल्याशिवाय तिथलं पुष्कळसं तुमच्यासाठी बंद राहील.

ऐकीव गोष्टींची परीक्षा

‘आमच्या चाळीत टिळक आले होते.’ गिरगावात हे ऐकलं नाही असा माणूस विरळा. ही गोष्ट खोटी म्हणून उडवू नका आणि खरी म्हणून छापूही नका. कधी, ते विचारा. कोणी १९१० म्हणालं तर प्रश्न संपला : टिळकांना २२ जुलै १९०८ ला शिक्षा झाली आणि ते जून १९१४ ला सुटले, मधली वर्षं मंडालेत. सप्टेंबर १८९७ पासून सप्टेंबर १८९८ पर्यंत ते तुरुंगात होते आणि १९१९ चा बराचसा काळ इंग्लंडात. १ ऑगस्ट १९२० ला त्यांचं निधन झालं आणि चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. उरलेल्या काळातली तारीख सांगितली गेली तर ‘केसरी’चे त्या दिवसांचे अंक काढा. तिथेही काही नाही आणि मंडळाच्या त्या काळच्या अहवालातही नाही, तर ‘चाळीतल्या जुन्या रहिवाशांच्या सांगण्यानुसार’ असं लिहा. एवढ्या चार शब्दांनी गोष्ट राहते आणि तुमचा शब्दही राहतो.

माझा नियम साधा आहे. दोन वेगळ्या जातीचे पुरावे जुळले तर विधान करायचं. दोन आजोबांनी तेच सांगितलं तर तो एकच पुरावा. एका आजोबांचं सांगणं आणि एका अहवालातली जाहिरात, हे दोन. आणि एकाच पुस्तकातून उचललेले पाच लेख हा अर्धाच पुरावा समजा.

नावांच्या कथांबाबत तर दुप्पट सावध राहा. चर्नी रोडचं नाव गुरांच्या चरणीवरून आलं असं सगळे सांगतात. ठाण्याच्या चेंदणीहून आलेल्या वस्तीवरून आलं असाही एक जुना पक्ष आहे. अशा वेळी दोन्ही लिहून कोणती कुठे प्रथम छापली गेली तेवढं सांगावं. तुमच्या वाडीच्या नावाची एकच सुरेख गोष्ट प्रचलित असेल, तर ती छापील स्वरूपात सगळ्यांत जुनी कुठे सापडते ते बघा. बऱ्याचदा ती अलीकडच्याच एखाद्या स्मरणिकेत जन्मलेली निघते.

जमवलेलं ठेवायचं कसं

प्रत्येक माहितीपुढे तीन रकाने ठेवा : कुठून कळलं, कधी नोंदवलं, किती खात्री. फोटोंच्या फायलींना ‘इमारत-मजला-तारीख’ अशी नावं द्या. तक्ता संगणकावर असला तरी वही टाकू नका.

छापण्याआधी चाळीत वाचन करा. कॉमन पॅसेजमध्ये सतरंजी टाकून, चहा ठेवून तासभर वाचलं की ‘तो शिंपी नव्हे हो, त्याच्या बाजूचा’ अशा दुरुस्त्या तिथल्या तिथे होतात आणि माळ्यावरचे दोन अल्बमही खाली येतात. हयात माणसांची नावं, खोलीक्रमांक, भाडं, भांडणं वगळा. पुनर्विकासाचा वाद कोर्टात असेल तर कोण कधीपासून राहतं हे छापणं टाळाच. तुमचं पुस्तक कोणाच्या तरी विरुद्ध पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं.

आणि काम पुरं होण्याची वाट बघू नका. मेट्रो तीनसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती गेल्या, बाकीच्यांवर पुनर्विकासाच्या पाट्या लागत आहेत. तुमची वाडी रिकामी होण्याच्या यादीत असेल तर क्रम उलटा करा : आधी फोटो आणि मुलाखती, मग मंडळाचं कपाट, जमिनीचे कागद सगळ्यांत शेवटी. ते सरकारदरबारी थांबतील. तयार झालेल्या टिपणाची एक प्रत मंडळाकडे, एक जवळच्या वाचनालयात आणि एक चाळ सोडून डोंबिवली-विरारला गेलेल्या एखाद्या कुटुंबाकडे द्या. जुने फोटो पुष्कळदा त्यांच्याचकडे असतात.